आईच्या गेममधले चार सेल

मी, हानाओका सुमिए, वय वर्षे एकाहत्तर, धंदा हातात धरून खेळायचे जुने व्हिडिओ गेम दुरुस्त करणे, राहणार साकाई, ओसाका, हे मृत्युपत्र माझ्या दुकानाच्या टेबलावर बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तीन दिवस झोप मात्र नाही, म्हणून अक्षर वाकडे आले आहे. ते कोणी धाक दाखवून लिहून घेतल्यामुळे नाही आणि प्यायल्यामुळे तर नाहीच. कारण कलम तीनमध्ये दिले आहे. खाडाखोड झाली तिथे कायद्याप्रमाणे माझा शिक्का मारला आहे. शिक्के बरेच झाले आहेत, त्याला इलाज नाही.

कलम १. सहा वर्षांपूर्वी केलेले माझे मृत्युपत्र आजपासून रद्द समजावे. त्यात मी सगळी मिळकत शेजारीण ओकुमुरा फुसाए हिला दिली होती आणि माझा एकुलता एक धाकटा भाऊ मोरिओ याला फक्त "आईच्या गेममधले कुजलेले चार सेल, काचेच्या बाटलीत घालून, बूच लावून" एवढेच ठेवले होते. ते वाक्य लिहिताना मला फार बरे वाटले होते. तेही इथे लिहून ठेवते, कारण आता लपवून काय करायचे आहे.

कलम २. राहते घर, खालच्या दुकानासह, माझ्या पश्चात हानाओका मोरिओ याचे. फुसाए छत्र्या दुरुस्त करते आणि तिचा माल बावीस वर्षांपासून माझ्या मागच्या खोलीत पडून आहे. ती खोली ती असेपर्यंत तिने वापरावी, मोरिओने कुलूप लावू नये. घर हातचे जात आहे हे मी तिला काल स्वतः सांगितले. ती म्हणाली, "गेलं तर गेलं. एवढा जिना चढायला माझे गुडघे कुठे आहेत? पण चिडायचं का नाही, ते कारण ऐकल्यावर ठरवीन." कारण ऐकल्यावर ती चिडली, पण घरासाठी नाही.

कलम ३. हे कलम मृत्युपत्रात बसत नाही हे मला समजते. तरीही ते वगळून कोणी हे वाचू नये.

आमची आई याच जागी कोबी घातलेली जाड धिरडी तव्यावर भाजून विकायची. १९९० मध्ये मोरिओने तिला राखाडी रंगाचा एक हातातला गेम आणून दिला. तो तेव्हा लांब उत्तरेला, कुशिरो बंदरात बर्फाच्या कारखान्यात कामाला होता, अजून तिथेच असतो. वरून विटा पडतात आणि खाली ओळ जुळवायची, असा तो खेळ. आईला त्याचे वेडच लागले. तव्यावरचे धिरडे करपायचे आणि गिऱ्हाईक म्हणायचे, "मावशी, तुमचा डाव संपला की मग आमचं बघा." काही महिन्यांतच ती अंथरुणाला खिळली. तीन वर्षे मी एकटीने तिचे सगळे केले आणि तेवढ्या काळात तिला हसवले असेल तर त्या यंत्राने.

१९९३ च्या मे महिन्यात ती गेली. एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीपर्यंत मोरिओ इथे होता. जाताना त्याने आईच्या वस्तू आवरल्या, गेम फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला आणि उत्तरेला निघून गेला. त्यानंतर तो आला थेट १९९९ मध्ये, सहाव्या वर्षश्राद्धाला.

त्या दिवशी मी आईच्या फोटोपुढे ठेवायला म्हणून यंत्र काढले. बटण दाबले, काही नाही. मागचे झाकण उघडले तर आत पांढरी-निळी पूड, सेल पाझरलेले, पत्र्या खाऊन गेलेल्या. माझे डोळेच फिरले. नीट पाहिलेसुद्धा नाही. सगळे नातेवाईक बसले होते, मामा होते, देवळातले गुरुजी होते, आणि मी त्या सगळ्यांसमोर मोरिओला विचारले, "सेल आत ठेवून गेलास ना?"

तो म्हणाला, "ताई, मी काढले होते. दुकानातल्या रेडिओत घातले."

"खोटं बोलू नकोस. आईच्या फोटोसमोर तरी बोलू नकोस."

त्याने यंत्र हातात घेतले आणि माझ्याकडे पाठ करून झाकण उघडले. बराच वेळ आत बघत राहिला. बोटाने काहीतरी केले, पूड निखळल्याचा करकर आवाज आला. मग झाकण लावून म्हणाला, "माझंच चुकलं असेल."

मला तो कबुलीजबाब वाटला. आधी नाही म्हणायचे आणि पकडले गेल्यावर हो म्हणायचे, याचा तर मला जास्तच संताप आला. मी त्याला म्हटले, या घराचा उंबरठा पुन्हा चढू नकोस. तो चढला नाही. दर वर्षी एक जानेवारीला त्याचे कार्ड येते. मी एकालाही उत्तर दिले नाही.

यंत्र मी पिशवीत बांधून तसेच ठेवले. पुरावा म्हणून. मी तरुणपणी रेडिओच्या कारखान्यात डाख देण्याचे काम केले होते, त्याच जोरावर पुढल्या वर्षी हे दुकान काढले. चोवीस वर्षांत हजारो यंत्रे उघडली. सगळ्यांचे दुखणे बहुतेक एकच, मुले मोठी झाली, गेम खणात पडला, सेल आतच राहिले. व्हिनेगरने पूड मारायची, स्पिरिटने पुसायचे, खाल्लेली स्प्रिंग बदलायची, आतल्या सर्किटची तुटलेली रेघ बारीक तारेने जोडायची. लोकांची यंत्रे मी जिवंत केली आणि आईचे उघडले नाही. आणि दुकानात, गल्ल्याच्या वर, मी हाताने लिहिलेली पाटी लावली: "सेल काढायला विसरू नका. माझा भाऊ विसरला." गिऱ्हाइके हसायची. कोणी विचारले तर मी त्याचे नावही सांगायची, गावही सांगायची.

आता तीन दिवसांपूर्वीचे. नोव्हेंबरात माझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे, म्हणून जुन्या मृत्युपत्रातली बाटली तयार करून ठेवावी असे ठरवले. सकाळी दुकान उघडायच्या आधी पिशवी सोडली. पहिल्यांदा दिसले की यंत्राचे बटण चालूवरच आहे. बंद न करता ठेवलेल्या यंत्रात सेल पार उतरतात आणि मग हमखास पाझरतात, हे मी रोज दहा जणांना सांगते. मनात म्हटले, बघा, बटणही बंद केले नाही पठ्ठ्याने. मग व्हिनेगर सोडले, पूड फसफसली, काडीने एकेक सेल सोडवला आणि उलटा केला.

सेलला कागदी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. पट्टीवर शाईने लिहिले होते: ९४-११-३, सु.

कारखान्यात आम्हाला सवय लावली होती, सेल घालण्याआधी पट्टी गुंडाळायची, तारीख घालायची, नावाचे पहिले अक्षर घालायचे. आमच्या घरात ही सवय फक्त मला आहे. नऊचा आकडा मी खालून वळवून काढते, तसाच वळवलेला. चारही सेलांवर तेच. ९४ च्या नोव्हेंबरात मोरिओ कुशिरोला होता, सव्वा वर्षाहून जास्त झाले होते त्याला जाऊन.

मी स्टुलावर बसले होते ती तशीच राहिले. डाख द्यायची गन तापत पडली होती, ती बंद करायचेही सुचले नाही. फुसाए म्हणते की तिने तीनदा हाक मारली. मला एकही ऐकू आली नाही. माझे मन म्हणत होते की हे अक्षर माझे नाही, कोणीतरी माझ्यासारखे लिहिले आहे. मग मी शेजारी एक नवी पट्टी घेतली आणि तीच तारीख लिहून पाहिली. फरक नव्हता.

आठवले का, असे मला फुसाएने विचारले. आता थोडे आठवते. तीन नोव्हेंबरची सुट्टी होती. आईची फार आठवण आली म्हणून मी नवे सेल घालून तिचा खेळ खेळले होते, आवाज ऐकून रडले होते आणि तशीच झोपी गेले होते. यंत्र परत कपाटात कधी ठेवले ते आजही आठवत नाही. जे माझ्या हाताने झाले ते मी पाच वर्षांत साफ विसरले आणि जे त्याने केले नाही ते पंचवीस वर्षे लक्षात ठेवले. मला स्वतःची भीती वाटते आहे, हे मी शुद्धीत लिहीत आहे.

आणखी एक. पट्टीवरची तारीख मी नेहमी वर ठेवते, झाकण काढताच वाचता यावी म्हणून. चारही तारखा खाली होत्या. सेल आपोआप फिरत नाहीत. तो करकर आवाज कशाचा होता ते मला तीन दिवसांपूर्वी कळले.

कलम ४. बँकेतली शिल्लक: आधी माझे अंत्यसंस्कार आणि देवळाचा खर्च भागवावा, उरेल ते मोरिओचे. कावीळ झालेल्या माणसासारखी पिवळी पडलेली शंभरएक बंद पडलेली जुनी यंत्रे माळ्यावर आहेत, ती सुट्या भागांसाठी कोणी दुरुस्तीवाला मागेल त्याला फुकट द्यावीत. हत्यारे फुसाएला. ती म्हणते, "छत्रीला डाख देऊ की काय?" तरीही तिलाच.

गल्ल्यावरची पाटी मी स्वतः उतरवली आहे. तिच्या जागी दुसरी लावली आहे: "सेल काढायला विसरू नका. मी विसरले आणि दोष भावाला दिला." ज्यांनी पहिली वाचली त्यांच्यापैकी जितके येतील तितक्यांनी ही वाचावी. माझ्या मृत्यूनंतर एक वर्ष ती उतरवू नये.

कलम ५. हे कलम दुसऱ्या दिवशी लिहीत आहे.

वरची चार कलमे मी फुसाएला वाचून दाखवली. तिने चहा खाली ठेवला आणि म्हणाली, "म्हणजे तू मेल्यावर माफी मागणार."

"कागदोपत्री आहे ना सगळं. घर दिलंय, अजून काय हवं?"

"तो एवढ्या लांबून येणार, हा कागद वाचणार आणि उत्तर कोणाला देणार? माझ्या छत्र्यांना? भांडलीस तोंडाने, तर मागही तोंडाने."

मी म्हटले, नंबर नाही. ती उठली, खण उघडला आणि पंचवीस कार्डांचा गठ्ठा माझ्यापुढे टाकला. प्रत्येकावर नंबर छापलेला होता. फेकून का दिली नाहीत असे तिने विचारले नाही, तेवढी ती शहाणी आहे.

फोन त्यानेच उचलला. आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता, मला वाटले चुकीचा नंबर लागला.

मी म्हटले, "सुमिए बोलतेय." मग माझ्या तोंडून एकदम निघाले, "सेल मी घातले होते."

"हो, ताई."

"तुला माहीत होतं?"

"तुझा नऊ कोण ओळखणार नाही?"

"मग पट्ट्या खाली का फिरवल्यास? बोलला का नाहीस तिथल्या तिथे?"

"सगळे बसले होते ना. मामा काय, गुरुजी काय. तू आईसाठी तीन वर्षं घातलीस आणि मी इथे बर्फ फोडत बसलो होतो. पट्टी कोणी वाचली असती तर तुला तोंड दाखवायला जागा राहिली नसती. म्हटलं, एवढं एक माझ्या नावावर जाऊ दे." मग तो म्हणाला, "वाटलं, महिनाभर फुगून बसशील. पंचवीस वर्षं म्हणजे जरा जास्तच झालं."

फुसाए माझ्या पाठीवर हात ठेवून उभी होती. मी विचारले, राग नाही आला का कधी.

"यायचा की. दर वर्षी कार्ड टाकताना यायचा. बायको म्हणायची, नका टाकू. पण टाकायचो." मग त्याने विचारले, "शस्त्रक्रिया कधी आहे?" मी त्याला शस्त्रक्रियेचे सांगितलेच नव्हते. फुसाए त्याला गेली आठ वर्षे माझी खुशाली कळवत होती, हे मला तेव्हा समजले. या आठवड्यात मला आणखी किती धक्के बसायचे आहेत कोण जाणे. तिच्यावर रागवायचा अधिकार मला उरलेला नाही.

कलम ६. आईचे यंत्र मी काल दुरुस्त केले. तीन रेघा तारेने जोडल्या, स्प्रिंगा नव्या घातल्या, पडद्यावर दोन उभ्या पट्ट्या उमटत नाहीत त्या तशाच राहतील. ते मोरिओला द्यावे असे आधी लिहिले होते. ते कलम खोडले आहे आणि शेजारी शिक्का मारला आहे, कारण आज, गुरुवारी, तो स्वतः आला, तेव्हाच मी ते त्याच्या हातात दिले. दारात उभा राहिला होता, आत ये म्हणेपर्यंत उंबरठा चढला नाही. मला ते पाहवले नाही. मी अनवाणी खाली उतरले आणि त्याच्या दंडाला धरून आत आणले.

तो आईसारखाच वाईट खेळतो. पहिल्या डावातच विटा वरपर्यंत पोचल्या.

हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला आमच्या कायद्यात साक्षीदार लागत नाहीत. १९९९ मध्ये मी जे बोलले त्याला मात्र खोलीभर साक्षीदार होते, म्हणून या कागदालाही दोन असावेत अशी माझी इच्छा आहे. मोरिओला म्हटले, सगळे वाच, काही चुकले असेल तर सांग. त्याने दोनदा वाचले. कलम तीन तीनदा वाचले. घर नको म्हणाला, मी ऐकले नाही. मग त्याने विचारले, सहीच्या वर एक ओळ लिहिली तर चालेल का. मी चालेल म्हटले.

मृत्युपत्र करणार: हानाओका सुमिए (सही व शिक्का)

ठिकाण: साकाई, ओसाका. तारीख: १७ ऑक्टोबर २०२४.

साक्षीदार पहिली: ओकुमुरा फुसाए, छत्री दुरुस्ती, शेजारचे दुकान (सही व शिक्का)

साक्षीदार दुसरा:
सेल मी काढले होते.
हानाओका मोरिओ, कुशिरो (सही व शिक्का)