आवाज बिघडलेला जोड

बाबा, काल कारखान्यात मी माझाच एक जोड कापला. तेव्हापासून तुम्हाला एक गोष्ट विचारायची आहे. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, पण वेल्डिंगचं विचारायला दुसरं कोण आहे मला? तुमच्या कारखान्याच्या शेडमध्ये दोन वर्षं मी तुमच्या हाताखाली होते. मौद्याला जायची ती मोठी टाकी आठवते? ट्रक दारात उभा आहे, तुम्ही शेवटची शिवण संपवून खाली उतरता आणि सुपरवायझरला म्हणता, "साहेब, हा जोड कापा." "काहून? मस्त तर दिसून राहिला!" "वरून दिसते मस्त. वेल्डिंग करताना मधात आवाज बिघडला होता." सगळे हसले. मी शेजारी शरमेनं लाल. तुम्ही खडूनं वीतभर रेघ ओढलीत आणि स्वतःच ग्राइंडर चालवलात. रेघ होती, नेमका तिथेच आत काळा मळ अडकलेला. दाब दिला असता तर टाकी तिथूनच फाटली असती. तुम्ही एवढंच म्हणालात, "पोरी, रॉड आण वं."

कसं कळलं तुम्हाला? आई स्वयंपाकघरात भजी सोडायची आणि तुम्ही ओसरीवर नुसता आवाज ऐकून ओरडायचात, "तेल थंडं झालं!" ते बरोबर असायचं. आजोबा हातमागावर बसायचे, धागा तुटला की बघायच्या आधीच त्यांचा हात थांबायचा, असं आत्या सांगते. तो कान तुमच्यात उतरला होता का? की तीस वर्षं वेल्डिंगचा तोच चर्र आवाज ऐकून तो तयार झाला? काल मलाही तसंच वाटलं. एकसारखा चाललेला आवाज क्षणभर फाटला. मी काम थांबवलं, खडूनं रेघ ओढली, जोड कापला. आत काहीच नव्हतं. स्वच्छ, चकचकीत लोखंड. सुपरवायझर म्हणाले, "बाई, कान तपासून घ्या." अख्खी दुपार जोड पुन्हा भरण्यात गेली, पण मला वाईट वाटलं नाही. हात चालत होता आणि डोक्यात एकच होतं: तुम्हीही कधी असा चांगला जोड उगाच कापला होता का? घरी येऊन सांगितलं नसेल, एवढंच?

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून लिहिते. दोन वर्षं एकाच डब्यातून जेवलो आपण, विचारायला वेळ भरपूर होता. मीच विचारलं नाही. भीती वाटायची, तुम्ही म्हणाल, "मले बी नाही समजत वं, कसं कळते ते." मग मी शिकणार कुणाकडून?