तोंड भिंतीकडे

६ जाने.
फाट्यावरच्या आमच्या जनावरांच्या लॅबमध्ये आज नमुन्यांचा ढीग. शोभाताई समोरच्या टेबलावर, मी या. खोली एवढीशी की गुडघ्याला गुडघा लागतो. तोंडं चालू, हातही चालू. माझ्या हातून कधी नळी सांडलेली नाही, हे नव्या डॉक्टरांना ऐकवलं. गरज नव्हती, पण ऐकवलं.
ते विचारत होते, बूच काढताना नळीचं तोंड स्वतःकडे का धरता? आता समोर माणूस बसलंय, त्याच्याकडे कसं धरायचं? मोठ्यांकडे पाय करून बसत नाही, तसंच आहे ते.

७ जाने.
नाक कापलं गेलं. आणे गावाहून एक शेतकरी पाहुणे आले, गाय गाभडली, वासरू अवेळी पडलं म्हणून. तिच्या वारेचं पाणी नळीत काठोकाठ, आणि गार लागू नये म्हणून नळी स्वेटरच्या आत! "म्याडम, वाटंत सांडायला नगं म्हणून बूच गच लावलंया." मी अंगठ्यानं उचललं. टक्. थेट डाव्या डोळ्यात. गॉगल खिळ्यावर, लख्ख पुसलेला.
नळाखाली डोळा धरून किती वेळ उभी. शोभाताईनं मागून डोकं धरलेलं. "मिटू नगंस गं, मिटू नगंस." आवाज तिचा थरथरत होता, माझा नाही. मी म्हणत होते, ताई, पाहुण्यांना थांबवा, नळीत उरलंय तेवढ्यावर तपासणी होईल.

८ जाने.
गाय पॉझिटिव्ह. ब्रुसेला. माणसाला झाला तर ताप, सांधे, महिनोन्‌महिने पिच्छा. दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी लगेच गोळ्या सुरू केल्या, लागण व्हायच्या आतच मोडायची म्हणून. रक्तही घेतलं. मी निवांत. मला काही होत नसतं.
मग त्यांनी विचारलं, "बाळ अंगावर पितंय?"
गोळ्या संपेपर्यंत, म्हणजे तीन आठवडे, पाजायचं नाही.
तिथे मात्र रडले. चारचौघांत, भोकाड पसरून. चिऊ नऊ महिन्यांची आहे फक्त. इतके दिवस सुटली तर परत पिईल का? बाई म्हणाल्या, काही पितात, काही नाही.

१० जाने.
चिऊ पदर ओढते. विनूनं उचललं की त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे हात. बाप असून बिचारा परका. मी दुसऱ्या खोलीत बसून दूध काढते आणि मोरीत ओतते. आटू द्यायचं नाही, बस्स.
सासूबाई म्हणाल्या, "लोकाच्या गाया तपासायच्या, आन् आपल्या लेकराचं दूध मोरीत." उत्तर होतं तोंडावर. गिळलं. थोड्या वेळानं बघते तर त्या स्वतःच चुलीपाशी, चिऊचं वरचं दूध उकळून परत उकळतायत. "तूच शिकवलंय नव्हं? कच्च्या दुधातनं बी ह्यो रोग येतो म्हून?"
गोळ्यांनी लघवी केशरी. बाकी झकास.

१५ जाने.
कामावर. गेल्या गेल्या दोन्ही टेबलं ओढून भिंतीला लावली. शोभाताई बघतच राहिली.
"म्हंजी आता पाठीला पाठ लावून बोलायचं? भांडल्यावानी?"
"हो. तोंड भिंतीकडे. भिंतीची काही भीड नाही."
बुचावर गॉज, हळू पिळून, ओढायचं नाही. गॉगल डोळ्यावर. खिळा उपटून फेकला.
पाठीमागून तिचा आवाज, "तुज्यावर उडू नये म्हून मी बी सोताकडंच धरायची. किती मायेनं येडेपणा केला गं आपण."
हसलो. पण तिनं नाक ओढलेलं ऐकू आलं. मी मागे वळले नाही. हातात नळी होती.

२२ जाने.
दूध कमी झालंय. तरी काढतेय. चिऊ वाटी-चमचा बघून टाळ्या वाजवते. सगळे खूश. मी पण हसले, खोटं.

३० जाने.
गोळ्या संपल्या! ताप नाही, काही नाही. पहिलं रक्त चांगलं होतं, आज दुसरं दिलं. उत्तर यायचंय, आणि पुढे काही महिने देत राहायचं. निगेटिव्हच येणार, मला ठाऊक आहे.
दवाखान्यात रक्त घेणाऱ्या भाऊंनी माझी नळी उचलली, बूच स्वतःकडे, अंगठा खाली. मी खिडकीतूनच ओरडले, "भाऊ! भिंतीकडे करा ते. माझं रक्त आहे, भरवसा नाही त्याचा." ते दचकले. मग गॉज शोधलं आणि भिंतीकडे वळले. हे एक काम चोख झालं.
बाईंनी पाजायला हो म्हटलं. घरी, बोरीपर्यंत, एसटीत बसवत नव्हतं.
घरी आल्यावर हातपाय धुऊन चिऊला मांडीवर घेतलं, पदराखाली. तिनं तोंड लावलं. काढलं. माझ्याकडे बघितलं, ओळखीचं पण लांबचं माणूस बघावं तसं. मग तोंड भिंतीकडे फिरवलं आणि चमच्यासाठी हात पुढे केला.
सासूबाईंनी वाटी मागे लपवली.
दूध आहे अजून. थोडं आहे, पण आहे. सकाळी परत घेते तिला.