डाव्या हाताचं बीपी

आण्णा, काल आईचं बीपी बघितलं. आधी डाव्या हाताला, मग उजव्याला. सूसहून गावी मुळशीला येतानाच मशीन घेऊन आलो होतो. आई पडवीत बसली होती. पट्टा दुसऱ्या दंडाला गुंडाळायला लागलो तशी हसली. "आरं, रगात एकाच मानसाचं हाय ना? दोन हातांत दोन कसं आसंल?" मशीन नवीन आहे, खात्री करतोय, असं म्हणालो. खोटंच बोललो.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण आरोग्य उपकेंद्रातला तो बाक मला अजून दिसतो. तुम्ही बसलेले, शेजारी आई, मी दाराशी. सिस्टर पट्टा घेऊन येते आणि तुमच्या आधी आईच बोलते, "बाई, डावा घ्या. उजवा कामाचा हाय, लावणी चाललीया." आपल्याकडे सुई टोचायची तर डाव्या दंडात, हे शेंबड्या पोरालाही माहीत. सुईचा दंड दुखतो, काम अडतं. बीपीच्या पट्ट्याने काही दुखत नाही, पण हे कुणाच्या डोक्यात येणार? सिस्टरच्या आलं नाही, माझ्याही नाही. आई स्वतः तुमची बाही वर सरकवायची. दरवेळी एकच उत्तर, नॉर्मल. वाटेत भेटेल त्याला ती ते सांगत यायची. तुम्ही मात्र डोकं जड झालंय म्हणायचात. रोपांची मूठ धरून डावा हात भरून येतो म्हणायचात. आई खोबरेल चोळायची, की तुम्ही पुन्हा भाताच्या खाचरात.

मग एका सकाळी भाकरी मोडता मोडता तुमचं तोंड वाकडं झालं. पुण्याला नेलं. डाव्या हाताला सलाईन होतं, म्हणून पट्टा उजव्याला लागला. आकडा भलताच जास्त आला. तपासण्या करून डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. म्हणाले, डाव्या हाताची रक्तवाहिनी अरुंद झालीय, त्या हाताला बीपी कमीच दाखवणार. पहिल्यांदा दोन्ही हातांना बघायचं असतं, आणि जास्त येईल तोच हात पुढे कायम धरायचा. वडिलांचं बीपी बरीच वर्षं वाढलेलं असणार. आई तेव्हा आत तुमचे पाय चेपत होती. तुम्ही घरी परत आलाच नाहीत.

मी तिला हे सांगितलं नाही. कोणत्या तोंडाने सांगू? तुमच्या काळजीपोटीच ती डावा हात पुढे करत होती. अजूनही आल्यागेल्याला सांगते, "ह्यांचं बीपी शेवटपत्तुर नॉर्मल व्हतं. नजरच लागली." मी मान डोलावतो. कुणी दोषी सापडलं असतं तर निदान भांडलो तरी असतो, आण्णा. कुणीच सापडत नाही, आणि तुम्ही काही परत येत नाही.

काल तिचे दोन्ही हातांचे आकडे सारखेच आले. मी पट्टा काढत असताना तिने विचारलं, "ह्यांचं का न्हाई रं कुनी दोनी हातांचं बघितलं?" सहजच विचारलं. मी पट्टा गुंडाळत राहिलो. "तवा तशी पद्धत नव्हती गं," म्हणालो. तिने ते लगेच मानलं आणि चहा टाकायला आत गेली.

हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. तिने विचारलं तेव्हा सगळं जिभेवर आलं होतं. तिला कळावं म्हणून नाही. मला एकट्याला हे आता पेलत नाही, म्हणून. चहा उकळेपर्यंत मी तिच्या पाठीकडे बघत उभा होतो, आणि हिने अजून एकदा विचारावं, असं मला वाटत होतं.