लासरिया सिनुराट हिला माती मिळण्याबाबत

प्रति,
मा. टीलमान हाझेलहोर्स्ट,
प्रमुख, सार्वजनिक सुव्यवस्था व दफनभूमी विभाग,
नगरपालिका, हाल्टरबेक.

विषय: परदेशी विद्यार्थिनी कु. लासरिया सिनुराट (वय २४) हिचे सोमवारी ठरवलेले दहन थांबवून तिला अर्जदाराच्या राखीव जागेत पुरण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ: आपल्या विभागाचे २० नोव्हेंबरचे नकारपत्र.

महोदय,

१. अर्जदार सिस्टर गेर्लिंडे ब्रोकमायर ही अठराव्या वर्षी येथील भगिनीगृहात सेवाभगिनी म्हणून दाखल झाली आणि आज चौऱ्याऐंशीव्या वर्षीही तिथेच राहते. त्या काळी सकाळच्या प्रार्थनेला उशीर झाला तर उभे राहावे लागे, इतक्या जणी होत्या. आता सगळ्या मिळून एका टेबलाभोवती मावतात. रिकाम्या झालेल्या खोल्या शेजारच्या विद्यापीठातल्या मुलींना दिल्या जातात. हे विद्यापीठ म्हणजे पूर्वीची आमच्या घराचीच परिचर्या शाळा. आता ते चर्चने चालवलेले उपयोजित शास्त्रांचे विद्यापीठ आहे, दर्शनी भाग काचेचा आहे. पण मागच्या जिन्याची तिसरी पायरी अजून तशीच करकरते.

२. लासरिया ही सुमात्रा बेटावरच्या तोबा सरोवराकाठची, बाताक लोकांतली. परिचर्येची पदवी घ्यायला ती येथे आली आणि अर्जदाराच्या शेजारच्या खोलीत राहू लागली. पहिल्याच दिवशी तिने अर्जदारास "ओप्पुंग" अशी हाक मारली. त्यांच्या भाषेत ओप्पुंग म्हणजे आजी. अर्जदार म्हणाली, "मला नातवंडं नाहीत, बाई." त्यावर ती म्हणाली, "आता आहे ना एक. जरा उशिरा झाली, एवढंच." रात्रीच्या जेवणाला ती नावे ठेवी: "ओप्पुंग, आज तरी काही गरम खा. थंडगार पाव खाऊन खाऊन तुमची गाणीसुद्धा गारठलीत." विद्यापीठातल्या सोमवारच्या प्रार्थनेला बाकीच्या मुली डोळे चोळत येत, ही मोठ्याने गाई आणि शेजारणींना कोपराने ढोसून गायला लावी. बँडेज बांधण्याचा सराव तिने अर्जदाराच्या हातापायांवर केला. परीक्षेआधी ठणका, कळ, चमक, शूळ हे शब्द अर्जदाराने तिच्याकडून पाठ करून घेतले. ती वैतागून म्हणे, "दुखतं म्हणायला एवढे शब्द? आमच्याकडे एकच आहे, पण आम्ही तो ओरडून म्हणतो."

३. गेल्या वर्षी मृतांच्या रविवारी, म्हणजे वर्षभरात गेलेल्यांचे स्मरण करतात त्या नोव्हेंबरातल्या दिवशी, ती अर्जदाराबरोबर आपल्या दफनभूमीत आली होती. तिथे एका दगडावर आपल्या विभागाची चिठ्ठी चिकटवलेली होती: जागेची मुदत संपली आहे, नातेवाइकांनी संपर्क साधावा. लासरियाने ती दोनदा वाचली. "म्हणजे तुमच्याकडे मेलेला माणूससुद्धा भाडेकरू?" आधी ती हसली, मग तिला हसू आवरेना, आणि शेवटी ती रडली. मग तिने सांगितले की त्यांच्याकडे माणसाला दोनदा पुरतात. आधी मातीत. काही वर्षांनी सगळे कुळ जमते, हाडे वर काढते, आई-मावश्या ती आपल्या हातांनी धुतात आणि पूर्वजांच्या पक्क्या घरात नेऊन ठेवतात. जिवंतपणी माणूस गळक्या छपराखाली राहिला तरी चालते, पण मेल्यावर त्याला स्वतःचे घर हवे. ज्याची हाडे घरी आली नाहीत, तो त्यांच्या लेखी अजून वाटेतच असतो.

त्याच दिवशी तिने आणखी एक गोष्ट सांगितली, तीही येथे नोंदवणे अर्जदारास आवश्यक वाटते. आमच्या घरातली सिस्टर फ्रीडा तिकडच्या दवाखान्यात काम करायला गेली आणि तिकडेच वारली. तिची कबर लासरियाच्या गावावरच्या टेकडीवर आहे. दर ईस्टरच्या पहाटे गावची मुले ती धुतात, तिला चुना लावतात. लासरियानेही लहानपणी लावला आहे. सिस्टर फ्रीडाकडे त्या लोकांनी आजवर मुदत विचारलेली नाही.

४. लासरिया २ नोव्हेंबर रोजी मेंदूज्वराने गेली. आजारपण इतके थोडे होते की तिचा धुतलेला ॲप्रन अजून दोरीवर वाळत होता. विद्यापीठाने दर्शनी दालनात तिचा फोटो लावला, मेणबत्ती लावली. मरणाऱ्याची शुश्रूषा व मृतदेहाचा मान हा तेथे सक्तीचा विषय आहे, आणि त्यात लासरिया वर्गात पहिली होती. परंतु देहाची जबाबदारी घ्यावी अशी विनंती केल्यावर कार्यालयाने कळवले की मृत्यूच्या दिवशीच तिची नोंदणी रद्द झाली असून आता ती त्यांची विद्यार्थिनी नाही. देहाची जबाबदारी घेणारे येथे कोणी नाही, म्हणून आपल्या विभागाने तिचे दहन ठरवले. नोंदणी रद्द झाल्याचे परदेशी नागरिक विभागास आपोआप कळले. त्या विभागाचे पत्र लासरियाच्या नावाने गेल्या आठवड्यात आले. शिक्षण बंद केल्यामुळे तिने ३० नोव्हेंबरपूर्वी देश सोडावा, असा त्यात आदेश आहे. तिने निघून जावे असे नगरपालिकेचे एक खाते म्हणते, आणि घरी न्यायला तिचे काही उरू नये अशी व्यवस्था दुसरे खाते करत आहे.

५. तिचा देह विमानाने गावी नेण्याची तिच्या घरची ऐपत नाही. तिची आई श्रीमती तिओर गुलतोम यांनी अर्जदारास आवाजातला निरोप पाठवला आहे. त्याही अर्जदारास आई म्हणतात: "आई, तुम्ही तिथं आहात. माझ्या पोरीला जाळू देऊ नका. मातीत ठेवा. धाकटा कमावता झाला की आम्ही येऊ, हाडं घेऊन जाऊ. तोवर तुमच्यापाशी असू द्या."

हा निरोप घेऊन अर्जदार आपल्या कार्यालयात आली. सोबत पार्लिन सिनुराट हा दुसऱ्या शहरात शिकणारा बाताक मुलगा होता. भाषांतर त्याने केले. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "मुलगी सिनुराट आणि आई गुलतोम? मग ही आई कशावरून?" पार्लिनने सांगितले की त्यांच्याकडे बाई लग्नानंतरही बापाच्या कुळाचे नाव सोडत नाही, आणि मूल आपल्या बापाचे लावते. "आईचं आणि मुलीचं आडनाव एकच निघालं, तर गावभर बोंब होईल, बाई! एका कुळात लग्न झालं म्हणतील." त्यावर बाईंनी विचारले, "तुमचं तर जुळतंय. तुम्ही भाऊ का?" तो म्हणाला, "हो, भाऊच." "सख्खे?" "तिला मी कधी पाहिलं नव्हतं. पण एका कुळाचे म्हणजे भाऊच." बाईंनी पेन खाली ठेवले. अशा रीतीने जी आई आहे तिचे नाव जुळत नाही, आणि ज्याचे नाव जुळते तो भाऊ धरला जात नाही. आईचा दाखला जकार्ताहून शिक्के मारून यायला जानेवारी उजाडेल. दहन सोमवारी आहे. निघताना त्या बाई समजुतीने म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही कशाला यात पडता? ती तुमची कोण?" अर्जदाराने "नात" असे उत्तर दिले. त्याचाही दाखला मागण्यात आला.

६. म्हणून अर्जदाराने सेवाभगिनींच्या ओळीतली स्वतःची राखीव जागा देऊ केली. भगिनीगृहाची त्यास संमती आहे. आपल्या नकारपत्रात म्हटले आहे की ही जागा व्यक्तिगत असून ती अर्जदाराच्या मृत्यूनंतरच उघडता येईल. अर्जदार अद्याप जिवंत आहे, ही या प्रकरणातली अडचण तिला मान्य आहे. ती तिने मुद्दाम निर्माण केलेली नाही.

७. तथापि त्याच ओळीत एका खड्ड्यात दोघी निजलेल्या आहेत, हे आपल्या नव्या नकाशात दिसत नाही. अर्जदार नवखी होती त्या वर्षी तापाच्या साथीत सिस्टर माथिल्डे आणि सिस्टर एल्झे एकाच आठवड्यात गेल्या. जमीन गोठली होती. खड्डा खोल घेऊन एकीवर एक ठेवल्या. दोर धरणाऱ्यांत अर्जदार होती. नगरपालिकेने तेव्हा हरकत घेतली नव्हती. तरी अर्जदाराची विनंती अशी:

(अ) सोमवारचे दहन थांबवावे.

(आ) अर्जदाराच्या जागेत खड्डा खोल घेऊन लासरियाला पेटीसह खाली ठेवावे. वरची जागा अर्जदाराचीच राहील, त्यामुळे जागा दुसऱ्यास दिली असे होत नाही.

(इ) अर्जदार मरेल तेव्हा तिचे दहन करून कलश वर पुरावा. अर्जदारास जाळण्यास तिची हरकत नाही. तिची हाडे न्यायला कोणी येणार नाही.

(ई) लासरियाचे लोक येतील तोवर त्या दगडावर मुदतीची चिठ्ठी लावू नये. ते केव्हा येतील हे सांगता येत नाही, पण ते येतील. त्या दिवशी कलश काढून बाजूला गवतावर ठेवावा आणि काम झाल्यावर परत ठेवावा. पाऊस असला तरी चालेल. हाडे तिथेच धुवायला त्यांना पाणी द्यावे. आणि त्यांच्यापैकी कोणी कलशापाशी बसून "ओप्पुंग" म्हणून काही बोलू लागले, तर आपल्या माणसांनी त्यांना घाई करू नये.

येत्या रविवारी चर्चमध्ये या वर्षीच्या मृतांची नावे वाचली जातील. त्यांत तिचेही आहे. त्याआधी आपले उत्तर मिळावे.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,

सिस्टर गेर्लिंडे ब्रोकमायर
भगिनीगृह, हाल्टरबेक
दि. २३ नोव्हेंबर २०२३

सोबत:
१. राखीव जागेचा दाखला.
२. आईच्या निरोपाचे भाषांतर, पार्लिन सिनुराट यांच्या सहीने.
३. लासरियाला देश सोडण्याचा आदेश.
४. लासरियाचे विद्यार्थी ओळखपत्र. हे पाहून परत करावे. तिच्या आईला द्यायचे आहे.