पांढऱ्या ओदामाकीच्या एकतीस बिया

सेंदाई,
रविवार, ८ जून २०१४

प्रिय विलास,

नमस्कार. तू आणि सुचेतावहिनी ठीक असाल असं धरून चालतो. इथे सगळं जागच्या जागी आहे. प्रयोगशाळेतली काचकामाची भट्टी बदलली. नवी मीच बसवली.

ऑक्टोबरात तू परत येतोयस. घरभाड्यासाठी जामीनदार म्हणून माझा शिक्का हवा, तो तुझा कागद तीन आठवडे टेबलावर पडून आहे. शिक्का मारण्याआधी मला एक खुलासा हवा होता. तो आधी लिहितो.

भूकंपानंतर पाचव्या दिवशी तू गेलास, तेव्हा माझ्या दाराच्या टपालफटीतून एक पाकीट टाकलंस. वर तुझं अक्षर : ‘पांढरी ओदामाकी, जुलै २०१०’. आत एकतीस बिया. दोनदा मोजल्या.

पावणेदोन वर्षं त्या खणात राहिल्या. का, ते सोड. मग ओल्या वाळूत घालून सहा आठवडे फ्रिजमध्ये. गेल्या वर्षी मार्चमध्ये पेरल्या. ओदामाकी म्हणजे शेवटी कोलंबाइनच; तिच्या बियांवर माती लोटायची नसते, त्यांना उजेड लागतो. हे मला कुठल्या डॉक्टरेटवाल्याने शिकवलेलं नाही. चौदा उगवल्या, हिवाळ्यातून नऊ रोपं वाचली, आणि या मे महिन्यात फुलली. जांभळी!

शेजारच्या गॅलरीतली तुझी पांढरी फुलं मी तीन वसंत पाहिली होती. म्हटलं, चांगलं बी स्वतः घेऊन गेला आणि मला गाळ ठेवला. वहिनींनी पाकिटं बदलली असतील, असाही संशय घेतला. ‘मोऱ्याला काय फरक कळतोय!’ असं म्हणाला असशील. तुझा तो सूर मला पाठ आहे.

पुरावा म्हणून फोटो घेऊन रोपवाटिकेतल्या चिबा-सानकडे गेलो. सत्तरीच्या बाई. चष्मा वर करून म्हणाल्या, “मोरे-सान, तेव्हा शेजारी जांभळी कोणाची होती?”

“माझी.”

“मग भुंग्यांवर खटला भरा. त्यांना मधली पार्टिशन दिसत नाही.” हसता हसता त्यांनी झारी खाली ठेवली. “नऊत एखादी तरी पांढरी आली का?”

“दोन.”

“मग पाकीट खरं होतं.”

घरी येऊन वही काढली. जांभळी ओदामाकी, एप्रिल २००९, कुंडी पार्टिशनला लागून. माझंच अक्षर. म्हणजे त्या सात रोपांत निम्मं माझंच आहे, आणि मी ते तुझी लबाडी म्हणून महिनाभर मोजत बसलो होतो.

आता जे खणात होतं ते. तीन वर्षं मी सगळ्यांना सांगतोय, विलास न सांगता पळाला. सोळा मार्चला वीज नव्हती, बेल वाजत नव्हती. तू दार ठोकलंस. तीनदा. “मोऱ्या, यामागाताची बस तीनला आहे. तीन जागा धरल्यात, एक तुझी. आहेस का रे?”

होतो. दारापासून चार पावलांवर, बूट घालून. आदल्याच दिवशी सगळ्यांसमोर बोलून बसलो होतो, की जाणारे भित्रे. तू आणखी एकदा हाक मारली असतीस तर निघालो असतो, म्हणून श्वास धरून उभा राहिलो. पाकीट पडल्याचा आवाज ऐकला. जिन्यावरची तुझी पावलंही.

एक शंका मात्र राहतेच. बाहेर माझी सायकल उभी होती. मी आत आहे हे तुला कळलंच असणार. तरी तीन वर्षांत चकार शब्द काढला नाहीस. का, ते आल्यावर सांग. पत्रात नको.

शिक्का मारलेला कागद सोबत आहे. पांढऱ्या दोन रोपांच्या उरलेल्या कळ्यांना जाळीच्या पिशव्या बांधल्यात. भुंगा शिरणार नाही. बी धरलं तर ते तुझं.

बेल आता चालू आहे.

तुझा,
तेव्हाही घरातच असलेला
मोरेश्वर