बर्फाच्या घटत्या वजनास कायद्यात जागा मिळण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यापारविषयक विधेयक समिती,
विधिमंडळ कार्यालय.

विषय : वजनमापांच्या नव्या कायद्यात ‘स्वभावतः घटणारा माल वगळून’ एवढे चार शब्द घालण्याबाबत.

संदर्भ : विभागीय व्यापारी संघाने येत्या अधिवेशनासाठी सादर केलेल्या मागण्या, शेवटचे पान, शेवटची मागणी.

महोदय,

१. अर्जदार व त्याचे थोरले बंधू बाजारामागच्या गल्लीत बर्फाचा कारखाना चालवीत होते. हिशेब, गिऱ्हाईक आणि बोलणे अर्जदाराकडे. यंत्र, हौद आणि गप्प राहणे बंधूंकडे, अशी वाटणी वडिलांच्या पश्चात आपोआप झाली व ती मोडण्याची वेळ कधी आली नाही.

२. मागील अधिवेशनात व्यापारी संघाने एकच मागणी लावून धरली होती. वाटेत पोती फोडून माल काढला जातो, सबब पावतीवर लिहिलेले वजन गिऱ्हाइकाच्या दारात पुरेपूर उतरलेच पाहिजे, असा कायदा व्हावा. संघाचे अध्यक्ष धान्याचे मोठे व्यापारी आहेत. त्या ठरावाला अर्जदारानेही हात वर केला होता, हे तो नाकारीत नाही. त्या वेळी त्याच्याही डोळ्यांसमोर धान्यच होते. मागणी मान्य झाली. संघात टाळ्या वाजल्या, चहा झाला.

३. कायदा लागू झाल्यावर निरीक्षकसाहेबांनी पहिली गाडी अडवली ती अर्जदाराची. लादी काट्यावर चढवली. वजन पावतीपेक्षा कमी भरले.

“साहेब, हा बर्फ आहे,” अर्जदाराने हात जोडून सांगितले. “ऊन लागलं की कमी होणारच.”

“बर्फ आहे ते मलाही दिसतंय. कायद्यात ‘माल’ असं लिहिलंय.”

“मग पावतीवर आधीच कमी लिहू का?”

“म्हणजे खोटी पावती? त्याचं कलम वेगळं आहे, आणि ते याच्याहून कडक आहे.”

निरीक्षकसाहेब उद्धट नव्हते, हे नमूद करणे अर्जदार आपले कर्तव्य समजतो. त्याच्या तोंडाला कोरड पडलेली पाहून त्यांनी स्वतःच्या बाटलीतले पाणी त्याला दिले.

४. लादी पुरावा म्हणून जप्त झाली. गोणपाटात गुंडाळून, सुतळी बांधून, गाठीवर लाखेचे सील लावून ती कार्यालयाच्या व्हरांड्यात ठेवण्यात आली आणि ‘माल सुस्थितीत राहील याची हमी देतो’ या मजकुराखाली अर्जदाराची सही घेण्यात आली. लादी कारखान्यातच ठेवू द्यावी, तेथे ती टिकेल, अशी विनंती त्याने केली. परंतु आरोपीच्या जागेत पुरावा ठेवता येत नाही. दुपारपर्यंत गोणपाट जमिनीला टेकले. सील शाबूत होते. शिपायाने कोणी घसरून पडू नये म्हणून फरशी पुसून घेतली.

त्यामुळे हमीचा भंग व पुरावा नष्ट करणे असे दोन गुन्हे वाढले आणि जप्त माल हजर करीपर्यंत कारखान्यास टाळे ठोकण्यात आले. अर्जदाराने दुसरी लादी आणून देण्याची तयारी दाखवली. ती ‘तीच’ नसल्याचे त्याला समजावून सांगण्यात आले. शिवाय ती बनवण्यासाठी टाळे काढावे लागले असते.

५. कारखान्याच्या दारात रोज सकाळी मासळीवाल्या टोपल्या घेऊन उभ्या राहत. टाळे लागल्यानंतरही त्या काही दिवस येत राहिल्या. त्यांच्यातल्या सर्वांत वयस्कर मावशी अर्जदाराला म्हणाल्या, “बाबा, कुलूप तुझ्या दाराला, पण वास आमच्या टोपलीला.” आता त्यांच्यापैकी कोणीच येत नाही. कोठून बर्फ आणतात, की आणीतच नाहीत, हे विचारण्याचे धाडस त्याला झाले नाही.

६. संघाने यंदाच्या मागण्यांत अर्जदाराचा विषय घेतला, याबद्दल तो ऋणी आहे. तथापि तो शेवटी का, असे विचारता अध्यक्ष म्हणाले, “अरे, बर्फाचं नाव काढलं की लोक हसतात. तुझं पुढे घेतलं तर आमचंही हसण्यावारी जाईल.” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते.

शिष्टमंडळासोबत अर्जदारही मंत्रिमहोदयांच्या दालनात गेला. गोदामे झाली, जकात झाली, बाजारातला रस्ता रुंद करण्याचे झाले. अर्जदार उभा राहिला तोच मंत्रिमहोदय घड्याळ पाहून उठले. जाता जाता त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “बर्फाचं पुढच्या अधिवेशनात बघू. तोवर टिकेल ना?”

सारे हसले. अर्जदारही हसला. घरी परतताना वाटभर त्याला ते हसू तोंडावरून काढता येईना, आणि दार उघडताच बायकोने आनंदाने विचारले, “झालं वाटतं काम?”

७. येथवर अर्जदाराने चार शब्दांची मागणी केली. तेही जड जात असल्यास, निदान सुनावणीपर्यंत यंत्र अधूनमधून फिरवू द्यावे. मिठाच्या पाण्याच्या हौदात नळ्या गंजत आहेत. कुलूपबंद दाराबाहेरूनही गंजाचा वास येतो. तेही शक्य नसल्यास, थोरल्या बंधूंना यंत्रापाशी नुसते बसू द्यावे. ते कशालाही हात लावणार नाहीत. हवे तर तसे लिहून देऊ.

८. बंधूंविषयी थोडे लिहिणे भाग आहे. जन्मभर यंत्राजवळ राहून त्यांचे कान गेले. यंत्राच्या अंगावर तळवा ठेवून ते त्याची तब्येत ओळखीत. हल्ली ते सकाळी अंघोळ करून, कामाचे कपडे घालून कारखान्यापाशी जातात आणि बाहेरून भिंतीला तळवा लावून उभे राहतात. दुपारी जेवायला येतात तेव्हा अर्जदाराकडे नुसते पाहतात. अर्जदार मुलीच्या पाटीवर ‘लवकरच’ असे लिहून त्यांना दाखवतो. ते मान हलवतात आणि जेवू लागतात.

काल अर्जदाराने पाटी हातात घेतली, पण त्याच्याने तो शब्द लिहवला नाही. खरे काय ते लिहिण्याचीही छाती झाली नाही. बंधू वाट पाहत राहिले. वाढलेले ताट निवून गेले.

९. तरी महोदयांस विनंती की, कारखाना उघडणार नसेल तर तसे एका ओळीत, ठळक अक्षरात, शिक्क्यानिशी कळवावे, आणि ते पत्र अर्जदाराच्या नावे न पाठवता थोरल्या बंधूंच्या नावे पाठवावे. सरकारी कागद ते स्वतः वाचतील. अर्जदार त्या वेळी घरी राहील.

उत्तराकडे डोळे लावून असलेला,
आपला नम्र,

(सही)
धाकटा भागीदार, बर्फ कारखाना,
बाजारामागची गल्ली.
दिनांक : अधिवेशनाआधीचा सोमवार.