तिरडीवरचं हसू

कोडंबाक्कम, मद्रास
१२ फेब्रुवारी १९८४

तीर्थरूप ओच्चम्माक्कास,
धाकट्या मायांडीचा शि. सा. न. वि. वि.

पोन्नुताईची तब्येत सुधारली हे वाचून जीव भांड्यात पडला. माझ्या बायकोला बिचारीला आई नाही, पण नणंद असून तू तिच्या हातात सातव्या महिन्याच्या बांगड्या भरल्यास, आता मला घोर नाही. तिला चिंच फार देऊ नकोस. ती मागेल आणि तू देशील, तुम्हा दोघींना मी ओळखतो.

इथे काम दणक्यात चाललंय. सिनेमात हीरो वीरतिलकन अण्णांचा डबल रोल आहे, आणि मी त्यांचा डुप्लिकेट. थोरला भाऊ फौजदार, धाकटा गुंड. दोघे समोरासमोर आले की चेहरा अण्णांचा आणि पाठ माझी. मग कपडे बदलून उलट. सकाळी मी गुंड होऊन फौजदाराचा मार खातो आणि दुपारी फौजदार होऊन गुंडाला बडवतो, त्यामुळे कुणाचं देणं राहत नाही.

एक गोष्ट सांगायची आहे, रागावू नकोस. शेवटी धाकटा मरतो. थोरला त्याच्या तिरडीवर पडून रडतो. रडणार अण्णा, म्हणजे तिरडीवर मी. तोंड फुलांनी झाकलेलं, फक्त पाय दिसणार. तुला आमची रीत ठाऊक आहे, मेल्याचा सीन झाला की नट उठून कॅमेऱ्याकडे बघून हसतो आणि तेही रिळावर घेतात, म्हणजे अपशकुन फिटतो. अण्णांचा मेलेला चेहरा वेगळा घेतला तेव्हा ते उठून झकास हसले. मॅनेजर नल्लसामी म्हणतो, एका मरणाला एक हसू पुरे, तुझं वेगळं कशाला.

पोन्नुताईला यातलं काही सांगू नकोस. आहे ती माया राहू दे.
तुझा,
मायांडी


उसिलंपट्टी
१७ फेब्रुवारी

चि. मायांडीस,
ओच्चम्माचे आशीर्वाद, आणि सोबत एक कानाखाली. पोचल्याचं कळव.

बायको पोटुशी असताना आपल्यात पुरुष वस्तरा लावत नाही. तू त्या अण्णाची हनुवटी जुळवायला दाढी उडवलीस, मी गिळलं. पोंगलनंतर सख्खा चुलता वारला, तुला खांदा देऊ दिला नाही, लांबून हात जोडायला लावले. कशासाठी? पोटातल्या जिवावर मढ्याची सावली नको म्हणूनच ना? आणि आता तू स्वतःच तिरडीवर जाऊन निजणार? वा रे शहाण्या!

काम सोड असं मी म्हणत नाही. घर तुझ्या पाठीवरच चाललंय हे मला कळतं. पण निजणार तू, तर उठून हसायचंही तूच, आणि कॅमेऱ्याने ते बघायचं. नल्लसामीला विचार, अण्णा जेवला की तुझं पोट भरतं का?

पोन्नुताईला मीच वाचून दाखवलं. लपवाछपवी मला जमत नाही. रडली नाही. एवढंच म्हणाली की त्यांना सांगा, हसल्याशिवाय उठू नका म्हणावं. घरात आता दोन बायका एका मताच्या आहेत, तेव्हा जपून राहा.
तुझं बरं चिंतणारी,
अक्का


कोडंबाक्कम
९ मार्च

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

पोन्नुताईचं ऐकलं. हसल्याशिवाय उठलो नाही.

स्मशानाचा सेट होता. पायाचे अंगठे बांधले, माळा टाकल्या, अण्णा माझ्या छातीवर डोकं आपटून रडले. शॉट ओके झाला, टाळ्या पडल्या, नल्लसामी म्हणाला उठ. मी पडल्यापडल्याच माझं हसू घ्यायला सांगितलं. तो खो खो हसला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, अरे तुला चेहरा कुठाय? तू पाठ आहेस. पाठीला कसलं आलंय मरण?

अक्का, खरं सांगतो, तोवर मी तुमच्या दोघींच्या शब्दाखातर विचारत होतो. त्यानंतर स्वतःखातर. मी डोळे मिटले आणि हललो नाही.

मग गंमत झाली. त्याने आमच्याच फाइटर पोरांना हुकूम सोडला, उचला याला. पोरांनी तिरडी खांद्यावर घेतली, सेटला एक फेरी मारली, होती तिथे आणून ठेवली आणि भोवती बसून राहिली. सीनसाठी खरे परै वाजवणारे, मयतापुढचे हलगीवाले, आणले होते. नल्लसामी त्यांच्यावर ओरडला, बंद करा रे ते. त्यांचा म्हातारा म्हणाला, मढं तिरडीवर आहे तोवर आमचा हात थांबत नाही साहेब, बापजाद्यांचा नियम आहे. आणि त्याने हलगी नल्लसामीच्या कानाशी नेऊन असली बडवली की त्याच्या शिव्या कुणालाच ऐकू आल्या नाहीत. मला तिरडीवर हसू आवरेना, पण ते मी राखून ठेवलं होतं.

अण्णा छत्रीखाली बसले होते. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि शहाळं मागवलं. त्यांच्या मनात काय होतं देव जाणे. शेवटी कॅमेरावाले दुरैराज कुणाला न विचारता उठले आणि त्यांनी कॅमेरा माझ्याकडे वळवला. मी उठून बसलो. माळा गळून पडल्या. आणि हसलो, अक्का, लहानपणी विहिरीत उडी मारून वर आल्यावर हसायचो तसा.

नल्लसामीने जाहीर केलं की हा तुकडा कचऱ्यात जाईल आणि उद्यापासून येऊ नकोस. गेलो नाही. पण दोघा भावांची मोठी मारामारी अर्धीच झालीय. त्यांनी दुसरा माणूस उभा करून पाहिला, तर त्याचे खांदे पडलेले. धाकटा भाऊ मध्येच रोडावलेला कसा चालेल? काल कंपनीची गाडी आमच्या गल्लीत आली. मी निरोप दिला की पाठ घरात नाही, मायांडी आहे, त्याला नावाने बोलवा. नल्लसामीने गाडीची काच खाली करून बोलावलं. मला नीट ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा बोलवायला लावलं.

पोन्नुताईला हे सगळं वाचून दाखव, हलगीसकट.
तुझा उद्धट भाऊ,
मायांडी


उसिलंपट्टी
२ मे

चि. मायांडीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मुलगी झाली. दोघी खुशाल. कपाळ तुझं, आवाज माझा, त्यामुळे गल्लीला झोप नाही. तू उटीच्या शूटिंगला अडकलायस, येता येत नाही, समजलं. पण पोन्नुताई विचारते की त्या तुकड्याचं काय झालं? कचऱ्यात गेला असेल तर हसूही कचऱ्यातच गेलं. मी म्हटलं, माझा भाऊ एवढा बावळट नाही. मला खोटी पाडू नकोस.
वाट बघणारी,
अक्का


कोडंबाक्कम
२० मे

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

लेकीच्या बातमीने मी उटीच्या थंडीत सगळ्या युनिटला बर्फगार जिगरठंडा पाजला. लोक शिंकत शिंकत आशीर्वाद देत होते.

तू खोटी पडली नाहीस. एडिटिंगच्या खोलीत नको असलेले तुकडे टोपलीत टाकतात. तिथल्या सहायकाने माझा उचलून ठेवला होता. पावडरच्या डब्यात गुंडाळून पाठवतोय. उन्हात धरून लेकीला दाखवा, तिचा बाप दिसेल. सिनेमात मात्र कुठे दिसणार नाही. त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू?
तुझ्या मायेतला,
मायांडी


उसिलंपट्टी
२७ ऑगस्ट

चि. मायांडीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा सिनेमा आपल्या तंबूत लागला. उन्हात धरून बघायला माझा भाऊ काही वाळवणाचा पापड नाही, म्हणून मी डबा घेऊन मशीनवाल्या पिच्चैमणीकडे गेले. त्याची रिळं दर खेळाला तुटतात आणि तो चिकटवतो. त्याला विचारलं, तुटलेलं जोडतोस, तर राहिलेलं जोडता येत नाही का? कोंबडीचं कालवण खाऊन त्याला जोडता आलं.

पहिल्या खेळाला अण्णाच्या फॅन मंडळाने कापूर जाळला, कागद उधळले. तिरडी आली तेव्हा अख्खा तंबू हुंदके देत होता. पडद्यावर तुझे पाय आले. बैलाने तुडवलेला तो वाकडा अंगठा मी ओळखला. अण्णा रडून बाजूला झाला आणि आवाज बंद पडला. माळा सरकल्या, मढं उठून बसलं, आणि माझा भाऊ तंबूएवढा होऊन हसला. पोन्नुताईने लेकीला डोक्याच्या वर धरलं. पोर त्या उजेडाकडे बघून बोळकं पसरून हसली, आणि पोन्नुताई, जी एवढ्या महिन्यांत रडली नव्हती, ती तिथे ढसाढसा रडली.

मग दंगा. फॅन मंडळाचा सुरुळी मुठी वळून मशीनपाशी धावला. आमच्या अण्णाच्या मरणात हा कोण उपरा, कापून टाका म्हणाला. मी दारात आडवी उभी राहिले. त्याला म्हटलं, बाबा, खुशाल काप. पण त्या तिरडीवरचं मरण याने हसून फेडलंय. ते हसू काढलंस तर मरण मोकळं सुटेल, आणि मग ते कुणाच्या डोक्यावर जाऊन बसेल? नाव तर पोस्टरवर तुझ्या अण्णाचं आहे.

सुरुळीचा चेहरा बघायला हवा होतास. आता प्रत्येक खेळाला तोच मशीनपाशी पहारा देतो, पिच्चैमणीने तुकडा गाळू नये म्हणून. तू दिसलास की मंडळ कापूर लावतं. दुसऱ्या गावांत अण्णा मरतो, आपल्या गावात कुणी मरत नाही.

सणाला ये. गेल्या वेळेसारखा दाढी उडवलेलं तोंड लपवत अंधार पडल्यावर मागच्या गल्लीने येऊ नकोस. दिवसाउजेडी स्टँडवर उतर आणि तोंड वर करून बाजारातून चालत ये. गाव तुला आता समोरून ओळखतं.
आहेच ती माया, वाढवायची तर घरी ये.
तुझी,
ओच्चम्माक्का